घडी कुणाची, बिजागरी कुणाची?

पैठणी वर्षातून एकदा तरी पेटीतून बाहेर काढावी, तिला सावलीत वारा द्यावा आणि पुन्हा ठेवताना घडीची रेघ बदलावी, असा आपल्या घरांतला जुना दंडक. एकाच घडीवर वर्षानुवर्षे पडून राहिलेले वस्त्र नेमके त्या रेघेवर दगा देते. जर तुटते, मग रेशीम विरते. आजीला यामागचे शास्त्र विचारले असते तर ‘तसं करायचं असतं’ एवढेच उत्तर मिळाले असते. पण उपाय तिला पक्का ठाऊक होता.

आता अशी कल्पना करा, की एक वस्त्र दिवसातून शंभर वेळा घडी करायचे आहे, उघडायचे आहे आणि घडीची रेघ मात्र कधीच बदलायची नाही. हातातल्या फोनचा पडदा मधोमध दुमडायचा म्हटल्यावर इंजिनिअरांपुढे हाच पेच उभा राहिला. २०१९ च्या फेब्रुवारीत सॅमसंगने आपला पहिला घडीचा फोन थाटामाटात जाहीर केला. एप्रिलमध्ये परीक्षणासाठी काही पत्रकारांच्या हाती तो दिला, तर त्यांतल्या काहींचे पडदे चार दिवसांत बिघडले. विक्री लांबणीवर पडली आणि सुधारलेला फोन बाजारात यायला सप्टेंबर उजाडला. जगातल्या बलाढ्य कंपन्यांपैकी एकीला एका रेघेने काही महिने झुलवत ठेवले.

ही अडचण समजायला शाळकरी खोडरबर पुरेसे आहे. ते वाकवा. बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते आणि मधोमध एक थर असा असतो, की जो ना ताणला जातो ना दाबला जातो. पडद्यातला सर्वांत नाजूक थर या तटस्थ जागी बसवायचा, ही एक युक्ती. काचेऐवजी प्लास्टिकचा पाया घ्यायचा, ही दुसरी. थरांमधला डिंक असा मऊ ठेवायचा, की वहीच्या पानांसारखे थर एकमेकांवरून किंचित सरकावेत, ही तिसरी. आणि सर्वांत मोठी युक्ती बिजागरीत: फोन मिटल्यावर पडद्याची करकरीत घडी पडू न देता त्याला आत थोडी पोकळी द्यायची, म्हणजे तो पाण्याच्या थेंबासारखा गोलाई घेऊन राहतो.

यांतल्या प्रत्येक युक्तीवर पेटंटे आहेत. एकेक नव्हे, ढिगांनी. कोरियातल्या, चीनमधल्या, जपानमधल्या, अमेरिकेतल्या कंपन्यांनी पडद्याची घडी, तिचा थर, तिची बिजागरी, बिजागरीतले दात आणि दातांमधली फट यांवर आपापले दावे लावून ठेवले आहेत. मग प्रश्न असा, की इतक्या लोकांनी एकाच रेघेवर हक्क सांगितला, तर हद्द कुणाची कुठे संपते? आणि ती ठरवतो कोण?

पेटंट म्हणजे शोधाला मिळालेले प्रशस्तिपत्र, अशी आपल्याकडे समजूत आहे. वर्तमानपत्रांतून ‘अमुक तरुणाला पेटंट’ अशी फोटोसह बातमी येते, त्यामुळे ती दृढ होते. शासकीय मराठीत पेटंटला ‘एकस्व’ म्हणतात. शब्द बोजड खरा, पण अर्थाला चोख आहे. हे एक प्रकारचे स्वामित्व आहे आणि तेही मुदतीचे, अर्ज केल्यापासून २० वर्षांचे. मी उभी हयात बँकेत काढली, कर्ज देताना तारण म्हणून येणाऱ्या जमिनींचे कागद तपासले. त्यामुळे पेटंटची कागदपत्रे पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती परकी वाटली नाहीत. आधी शोधाचे लांबलचक वर्णन असते, आकृत्या असतात. पण खरा जीव शेवटच्या काही कलमांत. त्यांना ‘दावे’ म्हणतात. खरेदीखतात जमिनीचे वर्णन कितीही रसाळ असो, हक्क ठरतो तो चतुःसीमेने: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस खाजण, दक्षिणेस गाडीवाट. दावे ही पेटंटची चतुःसीमा. फरक इतकाच, की ती दगडांनी आखलेली नसते, शब्दांनी आखलेली असते.

आणि इथे एक मौज आहे. दाव्यात शब्द वाढले की जमीन आकसते. ‘बिजागरी असलेला घडीचा पडदा’ असा दावा मिळाला तर सारे रान मोकळे. पण परीक्षक म्हणतो, हे तर आधीच कुणी सांगितले आहे. मग अर्जदार लिहितो, ‘दोन आसांची बिजागरी असलेला’. तेही आधीचे निघाले, तर ‘दोन आसांची, एकमेकांत गुंतलेले दात असलेली आणि मिटल्यावर पडद्याला अमुक मिलिमीटर पोकळी सोडणारी’. असे करत करत परगण्यावरचा दावा परसावर येतो. कादंबरीकाराला विशेषणे खोडण्याची सवय लावून घ्यावी लागते; पेटंटच्या वकिलाला एकेक विशेषण जड अंतःकरणाने घालावे लागते.

हद्दी एकमेकींवर चढतात त्या कशा, हेही या उदाहरणात दिसते. समजा, पहिल्याला दोन आसांच्या बिजागरीचे पेटंट मिळाले, दुसऱ्याला त्यात दात बसवल्याचे, तिसऱ्याला दातांसकट पोकळी सोडण्याचे. तिन्ही पेटंटे खरी असू शकतात. प्रत्येकाने आधीच्यात काही नवे घातले आहे. पण तिसऱ्याने उद्या कारखाना काढला, तर त्याला पहिल्या दोघांची परवानगी लागेल, कारण त्याची बिजागरी त्यांच्याही हद्दीत उभी आहे. पेटंट तुम्हाला वस्तू बनवण्याचा हक्क देतच नाही. ते फक्त दुसऱ्याला अडवण्याचा हक्क देते. जुन्या वाड्यात वरच्या मजल्याची खोली तुमच्या मालकीची असावी आणि जिना शेजाऱ्याचा असावा, तसा हा प्रकार. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या ९१ व्या कलमात अशा अडलेल्या माणसाला सक्तीचा परवाना मागण्याची सोय आहे, परंतु ती वाट लांबची. मोठ्या कंपन्या काय करतात, तर एकमेकींना जिने वापरू देतात. ज्याच्याकडे देवाणघेवाणीला काहीच नाही, तो खाली अंगणात.

घडीच्या पडद्यावरून आपल्याकडे गाजलेला खटला मला ठाऊक नाही. पण हद्दीचा खटला कसा चालतो ते पाहायला फार लांब जायला नको. पुण्याजवळच्या आकुर्डीपर्यंत जावे. बजाज ऑटोने जुलै २००२ मध्ये चार फटक्यांच्या इंजिनातील सुधारणेसाठी अर्ज केला आणि जुलै २००५ मध्ये त्यांना १९५९०४ क्रमांकाचे पेटंट मिळाले. लहान इंजिनात एकाऐवजी दोन स्पार्क प्लग बसवून इंधन अधिक चांगले जाळायचे, ही त्यातली कल्पना. ‘पल्सर’वर झळकणारी ‘डीटीएस-आय’ ही अक्षरे आठवत असतील, ती हीच. आता दोन प्लग ही गोष्ट काही नवी नव्हती. विमानांच्या इंजिनांत ते कधीपासून असत. म्हणून दाव्यात कुंपण घातले होते ते सिलिंडरच्या व्यासाचे, ४५ ते ७० मिलिमीटर. नवेपण या लहानपणात होते.

२००७ मध्ये तमिळनाडूच्या टीव्हीएस कंपनीने ‘फ्लेम’ नावाची १२५ सीसीची मोटारसायकल जाहीर केली. तिलाही दोन प्लग. बजाज म्हणाले, ही आमच्या हद्दीत घुसखोरी. टीव्हीएस म्हणाले, आमच्या इंजिनाला तीन व्हॉल्व्ह आहेत, तंत्र वेगळे आहे. आणि तुमचे पेटंटच मुळात टिकणारे नाही, होंडाचे १९८५ चे अमेरिकन पेटंट पाहा. फेब्रुवारी २००८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी टीव्हीएसला मनाई केली. टीव्हीएसने एका प्लगची ‘फ्लेम’ बाजारात आणून वेळ निभावली. मे २००९ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने मनाई उठवली. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीएसला विक्री करू दिली, विक्रीचा चोख हिशेब ठेवायला सांगितले आणि मूळ दावा रोजच्या रोज चालवून त्याच वर्षीच्या ३० नोव्हेंबरपर्यंत संपवा, असा आदेश दिला. पुढे? दोन्ही कंपन्यांनी आपसांत समेट केला तो ऑक्टोबर २०१९ मध्ये. पेटंट अर्जापासून सतरा वर्षे झाली होती. वीसांतली सतरा.

मला या खटल्यात जिंकले कोण, याच्यापेक्षा एका बारीक मुद्द्यात अधिक रस आहे. पेटंट सरकारने तपासून दिले, मग ते पक्के नव्हे काय? नव्हे. कायद्याच्या १३ व्या कलमात परीक्षकाने काय शोधायचे ते सांगितले आहे: हा शोध आधी कुठे प्रसिद्ध झाला आहे का, आणि आधीच्या तारखेच्या दुसऱ्या कुणाच्या अर्जात हाच दावा बसला आहे का. आणि त्याच कलमाच्या शेवटी सरकार हात झटकून मोकळे होते, की या तपासणीने पेटंटच्या वैधतेची कोणतीही हमी समजू नये. बँकेत वकिलांचे ‘सर्च रिपोर्ट’ येत, त्यांच्या तळाशी याच धाटणीचे एक वाक्य असे. उपलब्ध नोंदी पाहिल्या, त्यांत बोजा आढळला नाही. नोंदीच नसतील तर वकील काय करणार? एकाच भूखंडाचे कागद दोन बँकांकडे तारण ठेवणारे महाभाग या एका फटीतून पसार होत. ती बुजवायला गहाणांची केंद्रीय नोंदवही निघाली तीसुद्धा २०११ मध्ये.

पेटंट परीक्षकाचे काम या वकिलाच्या कामाहून शतपटीने अवघड. वकिलाला एका तालुक्याच्या नोंदी पाहायच्या असतात, परीक्षकाला साऱ्या जगाच्या. त्यात कंपन्या एकच शोध चिरून त्याचे चार अर्ज करतात, तेव्हा या चारांचे दावे एकमेकांवर चढलेले नाहीत ना, हेही त्यानेच पाहायचे. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या २०२२ मधील एका टिपणात म्हटले होते, की भारताच्या पेटंट कार्यालयात त्या वर्षीच्या मार्चअखेर ८६० माणसे होती. चीनमध्ये १३,७०४ आणि अमेरिकेत ८,१३२. अर्ज निकालात निघायला आपल्याकडे सरासरी ५८ महिने लागत. नंतर भरती झाली, वेग वाढला आणि २०२३-२४ या एका वर्षात एक लाखाहून अधिक पेटंटे दिली गेली. वेगाचे कौतुक जरूर करावे. मात्र कर्जवाटपाची उद्दिष्टे मार्चअखेर पुरी करणाऱ्या शाखा मी पाहिल्या आहेत, त्यामुळे वेगाचा आकडा वाचला की मला दर प्रकरणामागे किती तास मिळाले, हा आकडाही पाहावासा वाटतो. तो कुणी छापत नाही.

पण खरी गोम माणसांच्या संख्येत नाही. परीक्षक हजार असोत वा दहा हजार, जे लिहिलेले आहे तेच त्यांना सापडणार. हळदीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातला एवढाच भाग इथे कामाचा. जखम भरण्यासाठी हळद, यावर अमेरिकेत मार्च १९९५ मध्ये पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर त्यानंतर सीएसआयआरचे महासंचालक झाले. त्यांच्या संस्थेने १९९६ मध्ये आव्हान दिले आणि ऑगस्ट १९९७ मध्ये ते दावे फेटाळले गेले. आपल्या आयांनी बोट कापल्यावर हळद दाबली होती, हा पुरावा नव्हता. पुरावा होता ३२ लेखी संदर्भांचा, त्यांत १९५३ च्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक लेख. आईने जे केले ते कुणीतरी छापले होते, म्हणून आपण जिंकलो.

आता हे सगळे भाईंदरला आणून पाहा. मी राहतो त्या मीरा-भाईंदरला मुंबईकर ‘लोकलच्या गर्दीचे गाव’ म्हणून ओळखतात. मिठागरे आणि खाजणे पूर्वीइतकी उरली नाहीत, इमारती आल्या, २००२ मध्ये महानगरपालिका झाली. परंतु भाईंदर पूर्वेला औद्योगिक वसाहतींच्या गाळ्यांतून शिरलात, तर प्रेस मशीनचा ठोका अजून कानी येतो. स्टीलची भांडी, डबे, कड्या, कोयंडे, यंत्रांचे सुटे भाग. दहा-बारा माणसांचे गाळे. इथे रोज काही ना काही सुधारत असते. झाकण सैल पडते म्हणून खाच बदलली, बिजागरीची पिन निसटते म्हणून तिला एक वळण दिले. पिढ्यान्‌पिढ्यांची ही हुशारी. पण कागदावर तिचा मागमूस नाही. डाय बनली की आकृती फेकून दिली जाते. मुळात आकृती काढलीच असेल तर.

फोनचा पडदा आणि डब्याचे झाकण यांचा काय संबंध, असे वाटेल. पडद्याचा नाही, बिजागरीचा आहे. घडीच्या फोनवरचे कितीतरी दावे अखेर यांत्रिक चालीचे आहेत: कोणता दात कुठे अडतो, कोणती पट्टी कुठे सरकते, अर्धे उघडल्यावर ते जागीच कसे थांबते. अशी चाल उद्या कुणी ‘दुमडणाऱ्या कोणत्याही वस्तूसाठी’ म्हणून मागितली आणि परीक्षकाला तिचा आधीचा पुरावा मिळाला नाही, तर तिच्या चतुःसीमेत भाईंदरचा गाळाही येईल. तिथला माणूस वीस वर्षे तीच चाल करत असला तरी.

कायदा यावर मुका नाही, हे सांगायला हवे. अर्ज साधारणतः १८ महिन्यांनी पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो. हे जर्नल दर शुक्रवारी निघते आणि कुणालाही फुकट पाहता येते. पेटंट मिळण्यापूर्वी २५ व्या कलमाखाली कोणीही विरोध नोंदवू शकतो; त्यासाठी कंपनी लागत नाही, पदवी लागत नाही. २०२४ च्या नियमांपासून त्याला फी लागते आणि विरोध ऐकण्याजोगा आहे की नाही, हे आधी पाहिले जाते. ही फी मला पटलेली नाही. सार्वजनिक रस्त्यावर कुणी कुंपण घालतो आहे, हे सांगायला आलेल्याकडून तिकीट घेण्यासारखे ते आहे. असो. भारतात ती गोष्ट आधीपासून उघडपणे वापरात होती, हे विरोधाचे कारण होऊ शकते. स्थानिक समाजातले तोंडी ज्ञानसुद्धा कायद्याने मान्य केले आहे. तोंडी ज्ञान सिद्ध मात्र कागदानेच करावे लागते.

आणि कागदाची भाषा? नियम असा, की पेटंट कार्यालयाला द्यायची कागदपत्रे हिंदीत किंवा इंग्रजीत हवीत. महाराष्ट्रातले अर्ज ज्या कार्यालयाकडे जातात ते मुंबईत अँटॉप हिलला आहे, भाईंदरहून लोकलने तासा-दीड तासाच्या अंतरावर. पण तिथे मराठीत अर्ज चालत नाही. खटका, खोबण, चाप, मळसूत्र, कुत्रे, आटे असे यंत्राच्या हालचालीचे नेमके शब्द आपल्या कारागिरांकडे आहेत. दाव्याच्या कागदावर ते चढत नाहीत, आणि दुसऱ्याचा दावा खोडायला जो शोध घेतला जातो त्यातही सापडत नाहीत. मराठी ज्ञानभाषा व्हावी म्हणून परिसंवाद भरवणाऱ्यांपैकी कुणी गाळ्यांमधल्या बिजागऱ्यांचा सचित्र कोश काढील, तर त्यातले प्रत्येक पान उद्या पुरावा ठरू शकते. अट एकच: प्रसिद्धीची तारीख पक्की हवी.

खर्चाचे म्हणाल तर, एकट्या माणसाला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे आणि परीक्षणाची ४,०००. वकिलाचा खर्च याच्या कितीतरी पट. तात्पुरता अर्ज करून तारीख राखता येते. पुरे वर्णन मग बारा महिन्यांत द्यायचे. मात्र त्याआधी प्रदर्शनात वस्तू मांडली किंवा विकायला काढली, तर स्वतःच्याच उघडेपणाने स्वतःचा दावा बुडू शकतो. अधिसूचित प्रदर्शनांना कायद्याने सवलत दिली आहे. पण आपल्या मैदानातला महोत्सव अधिसूचित आहे की नाही, हे तिथे टेबल मांडणाऱ्याला कोण सांगणार?

हे सारे मी भाईंदरच्या एका गाळेवाल्याला समजावत होतो. त्याच्या डब्याच्या झाकणाला अशी बिजागरी आहे, की झाकण कोणत्याही कोनात सोडले तरी तिथेच ठरते. वडिलांच्या वेळेपासूनची आहे, म्हणाला. मी विचारले, पुरावा काय? त्याने मोबाईलवर फोटो दाखवले. पण ते गेल्या वर्षीचे. मला आठवले, कॅश क्रेडिट खात्याला दरमहा मालाचे स्टॉक स्टेटमेंट द्यावे लागते, त्यावर तारीख असते, बँकेचा शिक्का असतो. सरकारदरबारी चालेल असा याहून चांगला कागद लहान उद्योगाकडे क्वचितच असतो. माळ्यावरची जुनी फाईल त्याने मोठ्या उत्साहाने खाली काढली, धूळ झटकली. १९९४ चे स्टेटमेंट निघाले, शिक्क्यासह. मालाच्या रकान्यात बॉलपेनने लिहिले होते: स्टील डबा, झाकणासहित, १४४ नग.